मोरीवरची शिळा

गुइचिंग वहिनीनं घरातली पहार, कुदळ, टिकाव, दोन छिन्न्या आणि हातोडा असं सगळं लोखंड एका टोपलीत भरून माझ्या ओसरीवर आणून आदळलं, तेव्हाच मला कळलं की तिची सून पोटुशी आहे.

"युफा भावजी, हे ठिवा तुमच्याकडं. पोर महिन्याचं झाल्याबिगर मी मागाय यायची न्हाई."

"अन् दुसरं कुणी मागाय आलं तर?"

"द्याचं न्हाई. आमचा होमू आला तरी न्हाई. अन् हे..." तिनं माझ्या बांबूंच्या ढिगाकडं बोट केलं. "हे चिरायचं काम नदीवर जाऊन करा. आमच्या भिंतीला पाठ लावून दिवसभर कडाकडा बांबू फोडताय. पोटातल्या जिवाला सगळं कळतंय."

आमच्या शीखंग गावात घरात बाई गरोदर असली की गर्भाची राखण करणारा देव घरभर फिरत असतो. आज चुलीत, उद्या उंबऱ्यात, परवा खाटेखाली. तो बसला असेल तिथे कुणी खिळा ठोकला, खणलं किंवा जड वस्तू हलवली, तर घाव पोरावर उमटतो. मी हे मानतो का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगायला गेलो नाही. टोपली खाटेखाली सरकवली, कोयता घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून नदीच्या दगडावर बसून बांबू चिरू लागलो. आठवड्याभरात कंबर धरली, पण वहिनीपुढं कंबरेची तक्रार घेऊन जायची माझी छाती नव्हती.

आमच्या दोन घरांत एकच भिंत. पलीकडे वहिनी, तिचा नवरा थ्येनशौदादा, मुलगा होमू आणि सून सानमेई. त्यांच्या चौकात एक आड होता आणि आजूबाजूच्या आठ घरांचं पाणी त्याच आडावर. होमूच्या पत्रिकेत पंचतत्त्वांपैकी आग आणि लाकूड कमी पडलं म्हणून नावात दोन्ही घातलं होतं, हो म्हणजे आग आणि मू म्हणजे लाकूड. नावात एवढा जाळ असून पोरगा मात्र शांतच निघाला. बापावर गेला, असं वहिनी म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही.

सामायिक शेती मोडून जमिनी घरोघर वाटून मिळाल्यापासून त्यांनी तांदळाच्या शेवया करायला घेतल्या होत्या. मरमर काम. तांदूळ भिजवायचे, धुवायचे, जात्यावर ओले दळायचे, पीठ फडक्यात बांधून दगडाखाली दाबायचं, उकडायचं, मळायचं. मग तो गोळा लाकडी सोऱ्यात घालायचा आणि दादा व होमू दोघांनी दांड्यावर पोटं टेकवून लोंबकळायचं, तेव्हा खाली कढईत शेवया उतरायच्या. सानमेई त्या उकळत्या पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकायची आणि माझ्या बांबूच्या तट्ट्यांवर वेटोळी घालून वाळत ठेवायची. तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असायचे. हे सगळं धुवण, सगळी पेज, वर डुकरांच्या गोठ्याचं पाणी आणि सकाळी विसळलेल्या रात्रीच्या शौचाच्या बादल्या, सारं मोरीत.

मोरी म्हणजे चौकाच्या मधोमध दगडी कुंड. त्याच्या तळाच्या भोकातून एका मोठ्या शिळेखाली बंदिस्त नाली जायची आणि वळणं घेत मागच्या तळ्यात उतरायची. नाली सरळ काढली तर घरातली बरकत पाण्याबरोबर सरळ बाहेर पडते, म्हणून दादाच्या आजोबांनी तिला पाच वळणं दिली होती. आत गाळ साचू नये म्हणून बांधतानाच एक कासव सोडलं होतं. कासव हिंडतं, पायांनी गाळ उकरतं, पाणी वाहतं राहतं. वहिनी दर नव्या वर्षाला मोरीच्या भोकात मूठभर भात सोडायची आणि म्हणायची, "खा बाबा, अन् काम कर."

ते कासव एकतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, कारण एकतीस वर्षांत ती शिळा कुणी उचलली नव्हती.

शिळेच्या एका कोपऱ्याला तडा होता. वहिनी पहिल्यांदा गरोदर असताना, सहाव्या महिन्यात, मोरी तुंबली आणि दादानं पहार घातली. शिळा सटकली आणि कोपऱ्यातून तडकली. पुढे पोर जन्मलं ते वरचा ओठ चिरलेलं, थेट नाकापर्यंत. छातीशी धरलं की दूध नाकावाटे बाहेर यायचं. वहिनीनं चमच्यानं पाजलं, कापूस भिजवून पाजलं. अकराव्या दिवशी पोर गेलं. मी तेव्हा लहान होतो, पण भिंतीपलीकडचं ते चमच्याचं वाजणं मला अजून आठवतं.

त्यानंतर दादानं वहिनीला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. भांडण मिठावरून निघो की डुकराच्या पिल्लावरून, वहिनी फिरून फिरून त्या तड्यावर यायची. "पहार घातली तवा इचारलं हुतं का मला?" मग दादा उठायचा आणि तळ्याकडं जाऊन बसायचा. होमू पुढे सहा वर्षांनी झाला, धडधाकट झाला, तरी तडा होता तिथेच होता. घरातलं कुणी त्या कोपऱ्यावर पाय देत नसे. सानमेई नवी नवरी म्हणून आली, तीही आठ दिवसांत तो कोपरा ओलांडून जायला शिकली.

सानमेईला चौथा महिना लागला आणि त्या पावसात मोरी तुंबली. आधी पाणी उतरायला अर्धा दिवस लागायला लागला, मग ते उतरेचना. कुंडावर दुधावर धरते तशी पांढरी साय धरली, तिच्यातून बुडबुडे यायला लागले. आंबूस वास आधी चौकात होता, मग घरात आला, मग भिंत ओलांडून माझ्या जेवणात आला. माश्या तर एवढ्या, की तट्ट्यांवरच्या शेवयांवरून त्या हाकलायला एक माणूस लागे.

होमू एकदा नदीवर माझ्याकडे आला. थोडा वेळ नुसता बांबू न्याहाळत बसला.

"काका, पहार द्या की."

"आईला इचार."

"तिला इचारता आलं असतं तर तुमच्याकडं आलो असतो व्हय?"

"मी शब्द दिलाय तिला."

"सहा महिने असंच ठिवायचं? आत किडे झाल्यात, काका. सानमेई तितंच बसून तांदूळ धुती."

"मंग तिला दुसरीकडं बसव."

तो गेला. मला वाटलं, मी शहाणपणा केला. दुसऱ्याच्या घरातला देव आणि दुसऱ्याच्या घरातली सासू, मी कशाला मध्ये पडू? नंतर माझा मीच या शहाणपणावर पुष्कळदा चिडलो आहे.

मग उपसणं सुरू झालं. दिवसातून तीनदा दादा आणि होमू कुंडातलं पाणी डब्यानं उपसून बादल्यांत भरायचे, कावड खांद्यावर घेऊन तळ्यात ओतून यायचे. बादल्या हिंदकळायच्या, वाट बुळबुळीत व्हायची. दोघांचे पाय पाण्यानं पांढरे पडले, बोटांच्या बेचक्यांत चिरा गेल्या. संध्याकाळी दादा पायांना तेल लावत बसायचा आणि वहिनी म्हणायची, "पोर होईस्तवर सोसा. बाई नऊ महिने पोटात सोसती, तुम्हाला पायाला सोसंना?" आणि ती काही नुसती बोलत नव्हती. दुपारची खेप ती स्वतः करायची. तिच्याही पायांना चिरा होत्या, पण तेल लावताना मी तिला कधी पाहिलं नाही.

एवढं मात्र खरं, की सुनेला तिनं फुलासारखं जपलं. बादलीला हात लावू दिला नाही, कात्रीसुद्धा हातात दिली नाही. सानमेई डोंगरातल्या गरीब घरातली तिसरी मुलगी, हसरी, तोंडाळ. तिला डोहाळे लागले होते आंबटाचे. रांजणात आडाचं पाणी, मीठ आणि मुळे घालून ठेवतात, त्या खारट-आंबट पाण्याचं तिला वेड लागलं. वाटीच तोंडाला लावायची.

"हळू पी की," मी म्हणायचो. "पोर खारवून निघंल."

"निघू दे, काका. टिकंल तरी लई दिस."

आम्ही पिण्याचं पाणी उकळून पितो, पूर्वीपासून. पण दात घासायला, भाजी धुवायला, रांजणात ओतायला कोण उकळत बसतो?

तिच्या सहाव्या महिन्यात भात कापणीला आलं. झोडणी चालू असताना दादानं पेंढी उचलली, अर्ध्यातच खाली ठेवली आणि बांधावर बसला. वहिनी ओरडली, "सूर्य डोक्यावर आला न्हाई अन् बसता काय?" तो उठला, आणखी दोन पेंढ्या झोडल्या आणि पुन्हा बसला. जेवण समोर आलं की तोंड फिरवायचा. मी त्याला उन्हात नीट पाहिलं तेव्हा डोळ्यांचं पांढरं कुठं राहिलंच नव्हतं. आठ दिवसांनी माझीही तीच गत झाली. लघवी काढ्यासारखी, अंगाला खाज, भाताचा वास नको. पंधरवड्यात त्या आडावरच्या आठ घरांतली सात माणसं पिवळी झाली.

तेव्हा आरोग्य केंद्रातून लिन बाई आली. तीस-बत्तीसची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, सायकल ढकलत आलेली. तिनं औषधं कमी दिली आणि प्रश्न जास्त विचारले. कोण कुठलं पाणी पितं, कच्चं काय खातं. मग ती वहिनीच्या चौकात गेली, आडापासून मोरीपर्यंत चालली आणि मोठ्यानं मोजलं. सहा पावलं.

"ही नाली केव्हा साफ केली होती?"

दादा भिंतीला टेकून बसला होता, त्यानं मान खाली घातली.

"तितं कासव हाय," वहिनी म्हणाली.

"कासव असू दे. पाणी पुढं जात नाहीये, म्हणजे ते खाली आणि बाजूला मुरतंय. या नालीची घाण आडात उतरते आहे, असं मला वाटतं. शिळा उचलून नाली मोकळी करा. आडाचं पाणी बंद."

"पोर झाल्यावर उचलू."

"तुमची सून कितव्या महिन्यात आहे?"

"सातवा सरत आलाय."

लिन बाईनं चष्मा काढून पुसला. "आजी, ही कावीळ बाप्यांना महिनाभर झोपवते आणि बहुतेक वेळा सोडून देते. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला सोडेलच असं नाही. आई जाते, मूल जातं. मी पाहिलंय, म्हणून सांगते."

"अन् मी जे पाह्यलंय ते?" वहिनीचा आवाज चढला. "तुम्ही पुस्तकात वाचता. मी मांडीवर घेतलंय. चमच्यानं पाजलंय. तुमच्या पुस्तकात लिव्हलंय का, दूध नाकातनं येतंय तवा आईनं काय करायचं?"

लिन बाईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. वाद घालायचा नाही एवढं शहाणपण तिच्याकडे होतं, आणि तेच आमच्या कामी आलं. जाताना ती सानमेईजवळ थांबली, तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि हळूच काहीतरी बोलली. काय बोलली ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्याकडे पोर महिन्याचं झालं की अंडी लाल रंगवून घरोघर वाटतात. वहिनीनं त्या लाल रंगाच्या चार पुड्या आधीच आणून पेटीत ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सानमेईनं चारी पुड्या काढल्या, एका भांड्यात कालवल्या आणि सगळ्यांच्या देखत मोरीत ओतल्या. पांढऱ्या सायीवर लालभडक रंग पसरला.

"अगं काय केलंस हे?" वहिनी धावली. "पोराचा रंग हाय त्यो!"

"पोराचाच हाय, आई. म्हणून तर वतला. मी खणलं न्हाई, काय हलवलं न्हाई. पाणीच वतलं."

"कशापायी?"

"बगू या की कुठं जातोय."

वहिनी दिवसभर तिच्याशी बोलली नाही. उपसणं त्या दिवशी बंद ठेवलं होतं, कारण सानमेई कुंडाच्या कडेला पाट घेऊन बसली आणि उठेना. गरोदर बाईला ढकलणार कोण? दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी होमूनं तांदूळ भिजवले होते ते सकाळी धुवायला काढले आणि टोपलं हातात धरून तसाच उभा राहिला.

तांदूळ गुलाबी झाले होते. फार नाही, पायाच्या नखाला असतो तेवढाच रंग. सानमेईनं पांढरी वाटी आणली, आडाचं ताजं पाणी शेंदून तिच्यात ओतलं आणि सासूच्या पुढं धरली. वाटीत पाणी गुलाबी दिसत होतं.

वहिनी किती वेळ त्या वाटीकडं बघत होती कोण जाणे. मी चौकाच्या दारात उभा होतो, अंगात ताप होता, पण मलाही खाली बसायचं सुचलं नाही. मग तिनं सानमेईचं तोंड दोन्ही हातांत धरून उन्हाकडं वळवलं आणि डोळे पाहिले. एक पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला पाहिला. पांढरे होते. तिथून ती ओट्यावर गेली, मुळ्यांचा रांजण मिठीत उचलला, बाहेर नेला आणि तळ्याच्या काठावर फोडला.

परत आली ती माझ्याकडं.

"भावजी, टोपली द्या."

मी खाटेखालून टोपली ओढली. ओढता ओढता म्हणालो, "वहिनी, पंचांग बगू का? आज देव कुठं बसलाय ते कळंल. एखाद्या दिवशी घराबाहेर असतो त्यो. तसा दिस काढू."

"वाचू नका," ती म्हणाली. "आज चौकात बसलाय असं निघालं तर माझा हात उठायचा न्हाई."

पहार घेऊन ती चौकात आली तेव्हा दादा भिंतीला धरून उभा राहत होता. पिवळा, वाळलेला. त्यानं पहारीसाठी हात पुढं केला.

"आण. एकदा माझ्या हातनं झालंय. आता काय व्हायचं ते परत माझ्याच हातनं होऊ दे."

"तुमी बसा."

"अगं..."

"बसा म्हणते न्हवं! तवा तुमी केलंत अन् एकतीस वर्सं मी बोलले. आता मी करते. काय वाईट झालं तर तुमी बोला. मी ऐकून घ्यीन."

तिनं सानमेईला माझ्या घरी जायला सांगितलं. सानमेई उंबऱ्यावरच बसली. "मी इथंच बसते, आई. देव माझ्याबरबरच हाय न्हवं? मी जाईन तितं येणार त्यो."

वहिनीनं आधी झाडू घेतला आणि शिळा झाडली, चारी कोपरे झाडले. गर्भाच्या देवाला बाजूला सारायची ती रीत आहे. "सरक बाबा," ती म्हणत होती, "जरा सरक. पोराच्याच भल्याचं हाय." तडा असलेल्या कोपऱ्यावर तिनं पहिल्यांदाच पाय ठेवला. फटीत पहारीचं टोक घातलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. शिळा हलेना. होमू मदतीला आला तर त्याला ढकलून दिलं. दुसऱ्यांदा भार टाकला, तिसऱ्यांदा टाकला. तिच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. शिळा वीतभर उचलली गेली, पहार घसरली, आणि शिळा पडून त्या जुन्या तड्यापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत फुटली. दोन तुकडे.

आवाज फार मोठा झाला असं नाही. पण सानमेईनं दोन्ही हात पोटावर घेतले, आणि वहिनी पहार धरून जागच्या जागी थिजली. मी दादाकडं पाहिलं. तो बायकोकडं बघत होता, आणि इतकी माया त्याच्या तोंडावर मी पूर्वी पाहिली नव्हती.

"उचल, होमू," दादा म्हणाला. "फुटली तर फुटली. आता उचल."

खाली नाली नव्हतीच म्हणायची. तांदळाच्या धुवणाचा गाळ चुन्यासारखा घट्ट बसला होता, काठोकाठ. आडाच्या बाजूची विटांची भिंत ढासळून तिथं मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातली माती लाल झाली होती. होमूनं कुदळीनं गाळ फोडत फोडत पहिलं वळण गाठलं तेव्हा कुदळ कशावर तरी वाजली. कासवाची पाठ. तळहाताएवढी, आत नुसता गाळ भरलेला. फार जुनी होती, बोट लावलं तर कडा भुगा होत होत्या.

वहिनीनं ती हातात घेतली, पाण्यानं धुतली. "म्हणजे मी भात कुणाला घालत हुते?" ती म्हणाली.

दोन दिवस काम चाललं. आम्ही पिवळे होतो ते बसून होतो, बाकीच्यांनी गाळ वाहिला. नवी नाली घालायची वेळ आली तेव्हा होमूनं दोरी धरून विचारलं, "वळणं किती ठिवायची, आई?"

"एक बी नको. सरळ काढ तळ्यात. अन् वरती फळ्या टाक, शिळा नको. बाईमाणसाला उचलता आलं पायजे."

आड चुना टाकून बंद केला आणि आठ घरं झऱ्याचं पाणी वाहू लागली. लिन बाईनं येऊन सगळं पाहिलं, मान डोलावली, आणि मग वहिनीला जे सांगायचं ते सांगितलंच. जे पाणी आधीच पोटात गेलं आहे त्याचा दोष दोन महिन्यांपर्यंत कधीही दिसू शकतो. तोवर रोज डोळे बघायचे.

म्हणून वहिनी रोज सकाळी सानमेईला अंगणात उन्हाला उभी करायची, पापण्या ओढून बघायची आणि भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायची. साठ रेघा मारायच्या होत्या. डोळ्यांची भीती ती सगळ्यांसमोर बोलायची. ओठाची भीती मात्र तोंडातून काढायची नाही. शिळेचे दोन तुकडे तळ्याकाठी पडले होते, तिकडं जायला लागलं तर लांबून वळसा घालायची. एकदा मी तिला एकटीला पाहिलं, धुणं हातात तसंच होतं आणि ती स्वतःच्या वरच्या ओठावरून अंगठा फिरवत होती. त्या दिवसांत ती दादावर एकदाही ओरडली नाही. घर इतकं शांत झालं की मलाच करमेना.

छप्पन्नाव्या रेघेच्या दिवशीही डोळे पांढरेच होते, आणि सकाळीच सानमेईला कळा सुरू झाल्या. सुईण आत होती, वहिनी आत होती. होमू झऱ्यावरून पाण्याच्या खेपांवर खेपा घालत होता, कुणी सांगितलं नव्हतं तरी. दादा आणि मी ओसरीवर बसलो होतो. दादाचा पिवळेपणा उतरला होता, पण अंगावर मांस राहिलं नव्हतं, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. दुपार कलली तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. दादा दाराकडं तोंड करून उभा राहिला, पण आत जाईना.

बऱ्याच वेळानं वहिनी बाहेर आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं पोर. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती सरळ दादाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"हात धुतले का?"

"धुतले."

"उकळलेल्या पाण्यानं?"

"व्हय गं."

"मंग हिच्या ओठाला हात लावा."

दादाचा हात उठेना. वहिनीनं फडकं बाजूला केलं. "लावा म्हणते न्हवं."

त्यानं बोट पुढं केलं. ते पोरीच्या वरच्या ओठावर टेकलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू गेलं, आणि तसंच परत आलं.

"आख्खा हाय," तो म्हणाला.

"आख्खा हाय. सुईणीनं इचारलं, आजीबाई, रडताय कशाला? तिला काय सांगू?" वहिनीचा तो मोठा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "मी तर शिळेचे दोन तुकडे केले. सातव्या महिन्यात. सून उंबऱ्यावर बसल्याली असताना. तरी आख्खा हाय. म्हणजे तुमी काय बी केलं नव्हतं."

दादाचं बोट अजून पोरीच्या ओठावरच होतं.

"एकतीस वर्सं मी तुमचं काळीज खाल्लं. एकदा तरी म्हणायचं हुतं, माझा काय गुन्हा न्हाई म्हणून. का नाय बोलला?"

दादानं पोरीकडंच बघत उत्तर दिलं.

"काय बोलणार? मलाबी तसंच वाटत हुतं."

पोरीनं तेवढ्यात तोंड उघडून त्याचं बोट दोन्ही ओठांत घट्ट धरलं आणि चोखायला लागली. दादानं ते काढून घेतलं नाही.